वळणावरची कुरकुर

शेंडेसाहेब गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी चार विंटर टायरवरून घासाघीस करत होतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. बाहेर उणे अठरा, ऑफिसातला हीटर घरघरत होता आणि गिऱ्हाईक उठून जायचं नाटक दुसऱ्यांदा करत होतं. टेबलावरचा फोन थरथरला. मंडळाच्या ग्रुपवर तीन ओळी होत्या : हॅमिल्टनचे आपले ज्येष्ठ सभासद विनायक शेंडे यांचे आज पहाटे हॉस्पिटलमध्ये निधन झाले, अंत्यविधीची वेळ नंतर कळवू. मी वाचलं, फोन उपडा ठेवला आणि सौदा पूर्ण केला. गिऱ्हाइकाला नुसते टायर हवे होते, मी रिमसकट गळ्यात मारले. हे मी अभिमानानं सांगत नाही. तोंड आपोआप चाललं होतं, एवढंच. तो माणूस गेल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

शेंडेसाहेबांशी माझं शेवटचं बोलणं त्याच्या दीड वर्ष आधी झालं होतं, आणि त्यातला माझा शेवटचा शब्द होता ‘फसवलंत’. मंडळाच्या पंधरा-वीस माणसांसमोर, मोठ्या आवाजात. ज्या पुरवणीत हे छापून येईल ती त्यातले बरेचजण वाचतात. त्यांनी तो शब्द ऐकला, घरी नेला, चार ठिकाणी सांगितला हेही मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहितोय. मी लेखक नाही. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, बारावी नापास, इथं येऊन आधी भंगाराच्या यार्डात गाड्यांचे सुटे भाग सोडवले, मग एक गाडी घेतली-विकली, मग दोन. आज स्कारबरोला माझा लॉट आहे, म्हणजे जुन्या गाड्या विकायचं आवार, आणि व्हिटबीला घर आहे. ते कुणी मला दिलेलं नाही.

आमची ओळख बर्फावर झाली. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम स्कारबरोच्या एका शाळेत होता. संपल्यावर बाहेर आलो तर पार्किंग लॉटची काच झालेली. माझी तेव्हा एक खटारा व्हॅन होती, मागच्या चाकांवर चालणारी. उजवं चाक बर्फावर गरगर फिरत होतं आणि डावं, कोरड्या डांबरावरचं, ढिम्म उभं होतं. मी जेवढा ॲक्सिलरेटर दाबावा तेवढं ते उजवं चाक किंचाळावं. भोवती सुटाबुटातली माणसं तिळगुळाचे डबे धरून सल्ले देत उभी राहिली. मंडळात तेव्हा मी नवा होतो, आणि ही सगळी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी. कुणीतरी म्हणालं, ‘पुढच्या वेळी मिस्टर, चांगली गाडी घ्या.’ माझं डोकं फिरलं. मी काच खाली करून काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात एक उंच, टोपी कानांवर ओढलेला माणूस खिडकीशी आला.

“काय करून राहिलास? दाबणं बंद कर आधी,” तो म्हणाला. “हँडब्रेक ओढ. अर्धाच. आता हळू गॅस दे.”

“ब्रेक लावून गाडी पुढं जाते होय?” मी खेकसलो.

“जाते. ओढ तर खरं.”

मी ओढला. फिरणारं चाक दबल्यासारखं झालं, डावं चाक हललं आणि व्हॅन शहाण्यासारखी बाहेर आली. मला ती जादूच वाटली. तो माणूस तिथंच, उणे तापमानात, मला शिकवायला लागला. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचं बळ मागच्या दोन चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीत, दोन्ही चाकांना बळ सारखंच मिळतं. पण घसरणारं चाक बळ घेऊच शकत नाही, आणि ते जेवढं कमी घेईल तेवढंच कमी दुसऱ्याला मिळतं. मग चांगल्या जमिनीवरचं चाकही बिनकामाचं. फिरणाऱ्याला थोडं अडवलंस की दुसऱ्याला जोर येतो. “सगळा हिशोब घसरणाऱ्याच्या हातात असतो बघ,” ते म्हणाले, आणि टोपी सारखी करून निघून गेले. नाव मी दुसऱ्यांना विचारलं. विनायक शेंडे, मूळचे नागपूरचे, हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात मोठ्या गिअरबॉक्सची देखभाल करणारे इंजिनिअर.

त्यानंतर मी शनिवारी त्यांच्याकडे जायला लागलो. घरामागचं त्यांचं गॅरेज म्हणजे एक शाळाच होती. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पेन्सिलनं काढलेली, पाना घेतला की तिथं त्याची रिकामी सावली दिसायची. काम झाल्यावर पुसून जागेवर ठेवल्याशिवाय ते चहाला आत येऊ द्यायचे नाहीत. बाकावर एक कापून उघडा केलेला जुना एक्सल होता. येईल त्याला ते त्याची एक बाजू धरायला लावत आणि मधला दांडा फिरवत. आपण धरलेली बाजू जागची हलत नसे आणि दुसरी दुप्पट वेगानं गरगर फिरे. साहेब रिटायर झाल्यावर आसपासचे गोरे लोक आपल्या सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन मसल कारचे मागचे एक्सल त्यांच्याकडे बांधायला आणत. दोन दारांच्या, लांब नाकाच्या, व्ही-एट इंजिनाच्या त्या गाड्या. पोलादाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या, व्हेज खाणाऱ्या, हळू बोलणाऱ्या माणसाला त्या धूर काढणाऱ्या गाड्यांचं वेड कसं लागलं ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “ताकद सगळेच विकतात रे. ती जमिनीपर्यंत कशी पोचते ते बघण्यात मजा आहे.”

मंडळात मला अहो-जाहो करणारे पुष्कळ होते, पण मुलाच्या लग्नाला बोलावणारे थोडे. ‘कार डीलर’ असं म्हणताना त्यांच्या ओठांची एक बाजू वर जायची. शेंडेसाहेब मला अरे-तुरे करायचे आणि शनिवारी मी गेलो नाही तर रविवारी बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणायचे, दत्ता आला नाही काल. हे मला काकूंनी सांगितलं. ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. फोन तर ते करायचेच नाहीत. फोनवर समोरच्याचे हात दिसत नाहीत, म्हणायचे. हा त्यांचा दोष होता आणि त्यावर मी पुढं येणारच आहे.

चार वर्षांपूर्वी व्हिटबीच्या वरच्या बाजूला एका शेतावरच्या कोठारात मला माझी गाडी मिळाली. काळी, व्ही-एट, दोन दारांची. चार दुपारी मी त्या म्हाताऱ्या मालकिणीच्या किचनमध्ये बसून तिचा ॲपल पाय खाल्ला तेव्हा ती विकायला तयार झाली. आयुष्यात विकण्यासाठी न घेतलेली ही माझी पहिली गाडी. इंजिन माझ्या लॉटवरच्या मेकॅनिकनं, गुरनामनं बांधलं. एक्सल अर्थातच साहेबांकडे. त्यांच्या बाकाशी उभं राहून आमचं जे बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“मला चार-दहाचा गिअर पाहिजे,” मी म्हणालो. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा चार पूर्णांक एक वेळा फिरणार. आकडा जेवढा मोठा तेवढा चाकाला जोर जास्त, तेवढा टायर लवकर सुटून धूर काढणार.

“चालवणार कुठं? हायवेवरच ना? व्हिटबीपासून स्कारबरोपर्यंत इंजिन बोंबलत येईल,” साहेब म्हणाले. “आणि ओल्या रस्त्यावर पाय ठेवलास की गाडीचं मागचं अंग पुढं येऊन तुला विचारेल, कुठं चाललो आपण? तीन-तेवीस घे.”

“चार-दहा.”

“तीन-तेवीस.”

“बरं, तुमचं नको, माझं नको. तीन-नव्वद.”

ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. “अरे, दात आहेत बे हे! एक्केचाळीस दातांचं क्राउन आणि दहा नाही तर अकरा दातांचं पिनियन. तीन-नव्वदला साडेदहा दात लागतील. अर्धा दात कुठून आणू? वांगी घेऊन राहिलास का?”

“मग अकरा करा.”

“अकरा म्हणजे तीन-त्र्याहत्तर. ठीक आहे. पण एक ऐक. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जी पकड असते ना, तिच्याशी घासाघीस चालत नाही. ती जेवढी आहे तेवढीच. तू पाहिजे तेवढा जोर लाव.”

आणखी एक वाद होता. मला लिमिटेड स्लिप हवं होतं, म्हणजे आत क्लच प्लेटी असलेलं डिफरन्शियल. त्या प्लेटी दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवतात, एक चाक घसरलं तरी दुसरं ओढत राहतं आणि रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटतात. साहेबांचं म्हणणं, माझ्यासारख्या तापट माणसाला साधंच बरं. दोन्ही चाकं एकदम सुटली की गाडी बाजूला सरकते, एक सुटलं तर निदान दुसरं तिला जागेवर धरतं. मी ऐकलं नाही. शेवटी ते हो म्हणाले. पण ते ‘तुझ्यासारख्याला’ माझ्या मनात राहिलं. शिकलेली माणसं मला काय झेपतं ते आयुष्यभर ठरवत आली होती.

एक्सल तयार झाला त्या शनिवारी त्यांनी मला यायला सांगितलं होतं. त्यांची पद्धत होती : दोन्ही मागची चाकं उचलायची, टायरवर आणि दांड्यावर खडूची खूण करायची, एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं दांड्याचे फेरे मोजायचे. फिरवणारा आणि मोजणारा एकच माणूस असता कामा नये, हा त्यांचा नियम. फिरवणाऱ्याला हवा तोच आकडा दिसतो, असं म्हणायचे. मला त्या दिवशी एक गिऱ्हाईक होतं. मी कळवलं, तुम्ही केलंय म्हणजे झालंच, मला काय बघायचंय. रविवारी जाऊन गाडी घेऊन आलो. निघताना खिडकीशी वाकून ते म्हणाले, “हळू वळताना मागून थोडी कुरकुर करेल. करू दे. प्लेटी एकमेकींना धरून आहेत म्हणून ती आवाज करते.”

ती कुरकुर मला तीन दिवससुद्धा सहन झाली नाही. तीस वर्षं मी गाड्या विकतोय. आवाज म्हणजे काय ते मला विचारा. टेस्ट ड्राइव्हला एक खट् झालं की गिऱ्हाईक खाली बघतं आणि किंमत त्याच्या नजरेबरोबर खाली जाते. माझ्या लॉटवर कुठलीही गाडी आवाज करत उभी राहत नाही. मी गुरनामला सांगितलं, मागचा आवाज बंद कर. आठवड्यानं परत थोडी कुरकुर आली, मी परत सांगितलं. त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही. आवाज गेला आणि गाडी लोण्यासारखी वळायला लागली. मी खूश.

मग तो ऑगस्टचा दिवस. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन-दोन गाड्यांच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर, एका रविवारी हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवता येतात. मंडळातल्या चार-पाच जणांनी सहकुटुंब ट्रिप काढली. डबे, छत्र्या, घडीच्या खुर्च्या. शेंडेसाहेब पांढरी टोपी घालून कठड्याशी उभे होते. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी अशी माणसं कधी जमली नव्हती, आणि मला त्यांना दोन काळे पट्टे दाखवायचे होते. सुरुवातीच्या जागी पाणी मारलेलं होतं. दिवा हिरवा झाला, मी पाय दाबला आणि… उजव्या चाकानं किंकाळी फोडली, धुराचा लोट उठला तो एकाच बाजूनं. डावं चाक नुसतं घरंगळत होतं. शेजारची गाडी निघून गेली तरी मी अर्ध्या पट्टीवर. परत आलो तेव्हा रस्त्यावर एकच काळी रेघ होती आणि कुणीतरी खुर्चीतून ओरडलं, “अहो दत्ताभाऊ, गाडी लंगडी खेळतेय की काय तुमची?” सगळे हसले. बायका हसल्या, पोरं हसली.

त्या हसण्यात मला संक्रांतीचं ते पार्किंग दिसलं. दुसरं काही सुचलंच नाही. एक रेघ म्हणजे साधं डिफरन्शियल. म्हणजे यांनी जुनंच परत बसवलं. तुझ्यासारख्याला हेच बरं म्हणून, मला न सांगता, माझ्या भल्यासाठी! मी गाडीतून उतरलो तो थेट त्यांच्याकडे. ते तोवर गाडीखाली प्लॅस्टिक टाकून आडवे झाले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. मागचं बूच काढून त्यांनी बोट आत घातलं, वास घेतला, खिशातल्या छोट्या बाटलीत थोडं तेल घेतलं. मला वाटलं, लपवाछपवी चालली आहे.

“काय बसवलंत आत?” मी ओरडलो.

“दत्ता, घरी ये. इथं नको,” ते उठत म्हणाले.

“इथंच सांगा. सगळ्यांसमोर सांगा. मी शिकलेलो नाही म्हणून मला काही कळत नाही असं वाटलं तुम्हाला? फसवलंत मला!”

त्यांनी फडक्याला हात पुसले. एक-एक बोट. “घरी ये, मग सांगतो,” एवढंच म्हणाले आणि काकूंना घेऊन निघून गेले. काकूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. तेव्हा मला ती नजर कळली नाही.

मी गेलो नाही. गाडी लॉटच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवली. विकली नाही आणि चालवलीही नाही. गुरनाम दोनदा म्हणाला, खोलके देख लेते हैं, आधे घंटे का काम है. मी त्याला झापलं. आता विचार करतो तेव्हा कळतं, अर्ध्या तासात खरं-खोटं झालं असतं आणि मला ते नको होतं. माझ्याकडे एक स्वच्छ, भरभक्कम राग होता. मी वाट बघत होतो ती त्यांच्या फोनची. फोन येईल, माफी मागतील, मी थोडं ताणून मग सोडून देईन. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मी आयुष्यभर पाळलंय. असे अठरा महिने गेले. मधल्या संक्रांतीला ते हॉलच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. त्यांनी तिळगूळ घेऊन एक पाऊल माझ्या दिशेनं टाकलं असं मला वाटलं होतं. मी फोन कानाला लावून बाहेर गेलो. कुणाचाही फोन आला नव्हता.

अंत्यविधीला मी मागच्या रांगेत बसलो आणि काकूंना न भेटता निघालो. पाच आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. “गॅरेज रिकामं करतेय. तुमचं काही सामान आहे, घेऊन जा.” एवढंच. पूर्वी त्या मला दत्ता म्हणायच्या.

हॅमिल्टनला पोचलो तेव्हा रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला होता. काकूंनी चहा दिला. स्वतः बसल्या नाहीत. मला गॅरेजमध्ये नेऊन बाकाकडे बोट दाखवलं. बाकाच्या कोपऱ्यात गिअर ऑइलचे दोन डबे होते, सील न तोडलेले, त्यांवर नवीन गॅस्केट, आणि बाजूला ती छोटी बाटली. तिच्यावर चिकटपट्टी लावून साहेबांनी लिहिलं होतं : दत्ता. खाली त्यांची कामाची वही, उघडी. त्यांचं अक्षर ड्रॉइंगसारखं सुटं सुटं. ‘क्राउन ४१, पिनियन ११. प्लेटी नव्या. तेलात आवाज घालवायचं औषध फार घातलं गेलं आहे, वास तीव्र. प्लेटी निसरड्या झाल्या, धरत नाहीत. प्लेटी खराब नसाव्यात. तेल पूर्ण बदलणे, मग मोकळ्या जागेत हळू आठचा आकडा, वीस वेळा, म्हणजे प्लेटी पुन्हा धरतील. दत्ता आल्यावर समोर करणे. लोकांत सांगितलं तर त्याचा अपमान होईल.’

मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्यांना त्या दिवशीच, तिथंच, गाडीखाली आडवे असतानाच कळलं होतं की गाडी मीच बिघडवली आहे. मी सगळ्यांसमोर ओरडत होतो आणि ते सगळ्यांसमोर गप्प राहिले.

“मला वाटलं, त्यांनी साधंच बसवलं…” मी काहीतरी बोलायला गेलो.

“चाक मी फिरवलं होतं,” काकू म्हणाल्या. “त्या शनिवारी तुम्ही आला नाहीत. मोजायला दुसरं माणूस पाहिजे म्हणून यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावलं. हाताला पीठ होतं माझ्या. मी चाक फिरवलं, यांनी मोजलं. पावणेचारला जरा कमी. आणि पलीकडचं चाक माझ्याच बाजूनं फिरत होतं, उलटं नाही. हे म्हणाले, बघ, दोघं एकमेकांना धरून आहेत. मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही फसवलंत म्हणालात ते एकट्या त्यांना नाही म्हणालात.”

“काकू, मी तो शब्द परत घेतो.”

“मला इथं गॅरेजमध्ये सांगून काय उपयोग? जिथं बोललात तिथं बोला.”

मी मान हलवली. पण माझा स्वभाव बघा, त्याही वेळी माझ्या तोंडून निघालं, “त्यांनी एक फोन करायचा होता. एक!”

“मीही तेच म्हणायची,” काकू म्हणाल्या. “हॉस्पिटलमध्येसुद्धा म्हटलं, कळवू का दत्ताला? म्हणाले, तो आपणहून येऊ दे. तुम्ही दोघंही सारखेच हट्टी. फक्त ते आवाज करायचे नाहीत.” मग त्यांनी माझा कप उचलला आणि आत गेल्या. मी डबे, बाटली आणि वही घेऊन निघालो. पान्यांच्या भिंतीवर आता नुसत्या पेन्सिलच्या आकृत्या होत्या. पाने कुणीतरी नेले होते.

लॉटवर येऊन गुरनामला विचारलं, त्या वेळी आवाज घालवायला काय घातलं होतंस? त्याला लगेच आठवलं. “वो छोटी बोतल वाली दवाई, पाजी. पहले एक डाली. आपने फिर बोला आवाज़ है, तो दो और डाल दी.” तीन. बाटलीवरच लिहिलेलं असतं, एक पुरे. “आपने ही बोला था बंद करो,” तो हळूच म्हणाला. मी ओरडेन म्हणून एक पाऊल मागे सरकला होता. मी ओरडलो नाही. बरोबर बोलत होता.

तर मंडळी, तुम्ही त्या रविवारी कठड्याशी होतात, तुम्ही ऐकलंत. शेंडेसाहेबांनी मला फसवलं नव्हतं. त्यांनी ठरलं तेच, ठरलं तसं बांधलं होतं आणि ते मी माझ्या हातानं निकामी केलं. फसवलंत हा शब्द मी परत घेतो. घेऊन त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. ज्याला द्यायचा तो माणूस नाही. आणि खरं सांगायचं तर माझा राग पुरता गेलेला नाही. माझा अपमान होऊ नये म्हणून तुम्ही गप्प बसलात साहेब, पण त्या गप्प बसण्यानं मला दीड वर्ष खोट्या रागात ठेवलं. तुम्हीच शिकवलं होतंत ना, फिरणाऱ्या चाकाला थोडं अडवावं लागतं म्हणून? मी एकटाच गरगरत होतो आणि तुम्ही कोरड्या जमिनीवर ढिम्म उभे राहिलात. हँडब्रेक तुमच्या हातात होता. हे मी तुमच्या तोंडावर बोललो असतो. तुम्ही चष्मा पुसत ऐकलं असतंत आणि मग म्हणाला असतात, पाना जागेवर ठेव.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन जाईपर्यंत जुनी गाडी बाहेर काढायची नाही, हाही साहेबांचाच नियम. एप्रिलच्या एका रविवारी, लॉट बंद असताना, ताडपत्री काढली. दोन्ही मागची चाकं उचलली, खडू घेतला. गुरनाम म्हणाला, आप अकेले कर लोगे, मैं चाय लाता हूँ. मी त्याला थांबवलं. मी चाक फिरवलं, त्यानं मोजलं. पावणेचारला जरा कमी. पलीकडचं चाक माझ्याच बाजूनं फिरलं; हाताच्या जोरापुरत्या प्लेटी अजून धरत होत्या, इंजिनाच्या जोरापुढं मात्र सुटत होत्या. मग तेल सोडून दिलं, हॅमिल्टनहून आणलेल्या डब्यांची सीलं तोडली आणि साहेबांनी वाट बघत ठेवलेलं तेल भरलं.

मागच्या लॉटमधल्या गाड्या आम्ही कडेला लावल्या होत्या. मी हळू आठचा आकडा काढायला लागलो. डावीकडे पूर्ण वळसा, मग उजवीकडे. पहिले चार-पाच गाडी गुळगुळीत वळली. सातव्याला मागून काहीतरी आल्यासारखं वाटलं. नवव्याला स्पष्ट आलं, खोलवरून, दातांत धरल्यासारखं, कुर्र… कुर्र… मी रेडिओ बंद केला. काच खाली केली. गुरनाम ताडपत्रीवर बसून बोटांवर मोजत होता, तो धावत आला.

“पाजी, वो आवाज़ फिर आ गई। कुछ डालूँ?”

“कुछ नहीं डालना,” मी म्हणालो. “बजने दे।”

वीस झाले तेव्हा त्यानं दोन्ही हात वर केले. मी पाहिलं, पण थांबलो नाही.